फिल्टरच्या मागची बाजू

मे महिन्याची सुट्टी लागली की पहिल्या आठवड्यात मी दोन कामे उरकून घेते. एक पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या सामानाची, खरेदी आणि दुसरे गाडीचे बॉनेट उघडून पावसाआधीची तपासणी. या वर्षी दुसऱ्या कामाने दोन दिवस खाल्ले. एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर उचलून बाजूला ठेवला आणि झाकणाच्या आतून, म्हणजे जिथून गाळलेली हवा इंजिनाकडे जाते त्या बाजूने, सहज म्हणून बोट फिरवले. बोट तांबडे झाले. कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढावे इतके स्पष्ट तांबडे. फिल्टर जेमतेम आठ महिन्यांचा होता. त्याच्या समोरच्या घड्या तांबूस झाल्या होत्या, पण त्यात नवल काहीच नव्हते. त्या तशा होण्यासाठीच तर तो तिथे बसवलेला असतो. नवल मागच्या बाजूचे होते. चहा गाळून कपात ओतावा आणि तळाशी पत्तीचा थर दिसावा, तसा तो प्रकार होता.

मी गोव्यात डिचोलीला राहते आणि पर्वरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. अस्नोडा, म्हापसा करत जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, म्हणजे सुट्ट्या वगळूनही वर्षाला दहा-बारा हजार. गाडी लहान आहे, १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची, आणि तिची बरीचशी देखभाल मी स्वतःच करते. हौस हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण एका पतंगाचे आहे, ते पुढे येईल.

विद्यार्थ्यांना ज्वलन शिकवताना मी एक गणित फळ्यावर मांडते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे लिटरमागे अकरा किलो हवा. हवा इतकी हलकी की अकरा किलो हवेचे आकारमान नऊ हजार लिटरच्या आसपास भरते. माझी गाडी लिटरला सोळा किलोमीटर धावते. त्या हिशोबाने १०,००० किलोमीटरला सव्वासहाशे लिटर पेट्रोल आणि छप्पन्न लाख लिटर हवा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दोनशे खोल्या रिकाम्या करून ती हवा एका हाताएवढ्या कागदी चौकटीतून ओढून घेतली, असे म्हटले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात. पेट्रोल आपण पैसे मोजून घेतो म्हणून त्याचा हिशोब ठेवतो. त्याच्या नऊ हजार पट आकारमानाची हवा फुकट मिळते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

आणि ही हवा कुठली, तर आमच्या रस्त्यांवरची. गोव्याची धूळ तांबडी का, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ज्या चिऱ्यांनी आपण घरे बांधली त्याच जांभ्या दगडाची ती भुकटी आहे, आणि तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. डिचोली आणि साखळीच्या पट्ट्यात तिच्यात लोहखनिजाची भर पडे. खनिजवाहू ट्रकांच्या रांगा लागत त्या काळी रस्त्याकडेची झाडे बारा महिने विटकरी रंगाची असत आणि पाण्याचे टँकर रस्त्यावर पाणी मारत फिरत. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या वर्षांत आमच्या गाडीचा फिल्टर अधिक काळ उजळ राहू लागला, हे माझ्या वडिलांच्या लक्षात आले होते. पुढे महामार्गाच्या रुंदीकरणाची आणि पर्वरीच्या उड्डाणपुलाची कामे निघाली आणि फिल्टरचा रंग करड्याकडे झुकला. सिमेंट आणि खडीची भुकटी तांबड्या धुळीपेक्षा वेगळी दिसते. गेली काही वर्षे माझ्या फिल्टरवर हे दोन्ही रंग थरांनी बसलेले असतात.

इंजिनाच्या दृष्टीने रंगापेक्षा कणांचा कठीणपणा महत्त्वाचा. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, बारीक कण असतात आणि ते ओतीव लोखंडाच्या सिलिंडरपेक्षा कठीण असतात. सिलिंडरची भिंत आणि आत वर-खाली होणाऱ्या पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश. त्याहून थोडा मोठा कण तिथे शिरला की तो पॉलिश पेपरचे काम करतो. डोळ्यांना दिसणारा खडा फारसा धोक्याचा नसतो, कारण तो कुठेतरी अडतोच; धोका पीठासारख्या भुकटीचा. रिंगा झिजल्या की जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळभागात, उतरतो, ऑइल वर चढून जळू लागते, मागून निळसर धूर येतो आणि गाडीचा दम कमी होतो. शिवाय आत आलेली धूळ ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगांपर्यंत पोहोचते. हे सारे इतक्या सावकाश होते की झाले तेव्हा त्याचे खापर गाडीच्या वयावर फुटते.

एवढी भुकटी अडवणारी वस्तू मात्र साधी असते. राळ चढवलेला विशिष्ट कागद, त्याच्या पंख्यासारख्या घड्या आणि कडेला रबरासारखी मऊ चौकट. माझ्या जुन्या फिल्टरच्या घड्या मी एकदा मोजल्या होत्या. ५८ भरल्या. प्रत्येक घडी अडीच सेंटीमीटर खोल आणि वीस सेंटीमीटर लांब. तिच्या दोन्ही बाजू धरल्या तर शंभर चौरस सेंटीमीटर कागद. अशा ५८ घड्या म्हणजे ५,८०० चौरस सेंटीमीटर, आणि चौकट स्वतः वीस बाय सतराची, म्हणजे ३४० ची. सतरापट कागद त्या चौकटीत दडवलेला असतो. म्हणूनच वरून तांबडा दिसणारा फिल्टर भरलेलाच असेल असे नाही. घड्यांच्या टोकांवर धूळ आधी दिसते, आतल्या दऱ्यांमध्ये अजून पुष्कळ जागा असते.

याहून उलटी वाटणारी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. कागदाचा फिल्टर थोडा वापरला गेला की अधिक बारीक गाळतो. कागदाच्या तंतूंमधल्या फटींवर धुळीचा पातळ थर बसतो आणि तो थर स्वतःच पुढच्या धुळीला अडवू लागतो. हवेला होणारा अडथळा वाढतो हे खरे, पण तो हळूहळू वाढतो आणि त्यासाठी मूळ रचनेतच मोकळीक ठेवलेली असते. दर महिन्याला फिल्टर काढून झटकणारी आणि हवा मारणारी माणसे हा थर उडवून लावतात, कागदाचे तंतू सैल करतात, आणि दर वेळी डबा उघडल्यामुळे कडेची चौकट नीट न बसण्याची एक नवी संधी निर्माण करतात. मी त्याच माणसांपैकी एक होते, म्हणून हे जरा अधिकारवाणीने लिहिते आहे.

आता पतंगाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला देण्याच्या आदल्या दिवशी मी फिल्टर पाहिला होता. एका घडीत एक पिवळसर पतंग अडकून वाळला होता, एक पंख वर करून. गाडी परत आली, बिलावर ‘एअर फिल्टर, १ नग’ असे लिहिलेले होते आणि त्याचे पैसे मी भरले होते. घरी आल्यावर उगाचच डबा उघडला, तर तोच पतंग, त्याच घडीत, तोच पंख वर करून बसलेला. मी फोन केला, तिथल्या माणसाने नजरचुकीचे कारण दिले आणि चार दिवसांनी फिल्टर बदलूनही दिला. नजरचूक असेलही. त्या दिवसापासून मात्र हे काम मी कोणाला द्यायचे नाही असे ठरवले, आणि नवीन फिल्टर बसवण्याआधी त्याच्या चौकटीवर तारीख आणि किलोमीटर यांची नोंद बॉलपेनने करू लागले. जुना फिल्टर परत मागून घ्यावा, हेही तेव्हाच शिकले. ज्यांना स्वतः करायचे नसेल त्यांनी निदान तेवढे मागावे. प्रामाणिक गॅरेजवाल्याला त्याचा राग येत नाही.

काम अवघड नाही. बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडल्यावर एका बाजूला प्लॅस्टिकचा काळा डबा दिसतो, ज्याला एका टोकाने ग्रिलकडून येणारी नळी आणि दुसऱ्या टोकाने इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी जोडलेली असते. माझ्या गाडीत झाकणाला पुढे दोन स्टीलच्या क्लिपा आहेत. काही गाड्यांत त्यांच्याऐवजी चार स्क्रू असतात. इंजिन थंड असताना क्लिपा सोडवायच्या, झाकण थोडे उचलायचे. नळीवर किंवा झाकणावर सेन्सरची वायर असते, तिला ओढ बसू द्यायची नाही. फार आखडत असेल तर कनेक्टरची खुंटी दाबून तो सोडवावा, वायर धरून कधीही खेचू नये. झाकण उचलण्याआधी मी डब्याच्या वरची धूळ ओल्या फडक्याने पुसून घेते, कारण उघडताना ती नेमकी आत पडते.

फिल्टर बाहेर काढताना तो सरळ वर उचलावा, तिरपा करू नये. माझ्या गाडीत मळकी बाजू खाली आणि स्वच्छ बाजू वर, अशी मांडणी आहे, त्यामुळे सुटलेला कचरा खालच्या भागात पडतो आणि ते सोयीचे आहे. तुमच्या गाडीत कोणती बाजू कुठे आहे हे आधी नळ्यांवरून ओळखावे. ग्रिलकडून नळी ज्या भागात येते ती मळकी बाजू, इंजिनाकडे ज्या भागातून जाते ती स्वच्छ. मग खालचा भाग पाहावा. मला तिथे दर वर्षी आंब्याच्या मोहोराचा भुगा, दोन-चार मुंग्या, एखादे गुलमोहराचे पान आणि तळाशी तांबड्या पावडरीचा थर सापडतो. हे सगळे ओलसर फडक्याने टिपून घ्यावे. तिथे हवा मारली तर धूळ उडून स्वच्छ नळीत जाण्याची भीती असते, आणि ती नळी त्या वेळी उघडीच असते. मी तिच्या तोंडात स्वच्छ सुती कापडाचा बोळा ठेवते, आणि झाकण लावण्याआधी तो काढायचा विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्याच कापडाला पिनेने अडकवते. फिल्टर नसताना गाडी सुरू करून पाहण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

फिल्टर अजून चालेल की बदलावा, हे ठरवण्यासाठी लोक त्याच्या मागे टॉर्च धरतात. ही चाचणी मीही करते, पण तिचा उपयोग लोकांना वाटतो त्याहून वेगळा आहे. उजेड कमी दिसतो म्हणून फिल्टर बंद झाला असे ठामपणे म्हणता येत नाही. कागदाची जाडी आणि रंग कंपनीगणिक वेगळे असतात. मात्र एखाद्या ठिकाणी सुईच्या टोकाएवढा झगझगीत ठिपका दिसला, तर कागदाला भोक पडले आहे हे नक्की, आणि तो फिल्टर कितीही नवा असला तरी बाद. घड्या एकमेकींना चिकटल्या असतील, कागद ओला होऊन फुगला असेल, ऑइलचे डाग असतील किंवा चौकट ताठ होऊन तिला भेगा गेल्या असतील, तर दुसरी चाचणी करायची गरज नाही. बाकी वेळी किलोमीटर बघावे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत दर १०,००० किलोमीटरला तपासणी आणि ४०,००० ला बदल असे सांगितले आहे, आणि धुळीच्या भागात त्याआधी अशी पुस्ती जोडली आहे. पर्वरीच्या रस्त्याचे काम चालू असताना मी ४०,००० ची वाट पाहिली नाही, वीस हजारांच्या आत बदलला. लहान गाडीचा कागदी फिल्टर काहीशे रुपयांना येतो. त्यासाठी फार तात्त्विक चर्चा करण्यात अर्थ नाही.

स्वच्छ करायचाच असेल तर मळकी बाजू खाली धरून टेबलाच्या कडेवर हलकेच आपटावा, तेवढे बहुधा पुरते. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर दाब कमी ठेवून, नोझल वीतभर लांब धरून, आणि आतल्या म्हणजे स्वच्छ बाजूकडून बाहेर. उलट मारली तर धूळ कागदात खोल रुतते. टायरची हवा भरण्याच्या दुकानात पोऱ्या नोझल कागदाला टेकवून जोरात हवा सोडतो तेव्हा धुळीचा लोट उडतो आणि गिऱ्हाईक खूश होते. कागदाचे काय झाले ते मात्र दिसत नाही. पाण्याने, साबणाने किंवा पेट्रोलने कागदी फिल्टर धुऊ नये. काही गाड्यांच्या फिल्टरचा कागद कारखान्यातच तेलकट केलेला असतो आणि तो दिसायला काळपट वाटतो. त्याला हवा मारायचीच नसते, मुदत संपली की बदलायचा असतो. धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी फिल्टरही मिळतात. त्यांना विशिष्ट तेल लावावे लागते आणि ते प्रमाणाबाहेर झाले तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. मला रोज शाळेत जायचे आहे, शर्यतीत उतरायचे नाही, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

वडिलांशी माझा एकच वाद कायम असे, तो मायलेजचा. फिल्टर चोंदला की गाडी पेट्रोल पिते, हे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कार्बुरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या रचनेच्या, गाडीपुरते ते बरोबरही होते, कारण त्या रचनेत हवा अडली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि मागून काळा धूर निघतो. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर येणारी हवा ओळखतात आणि संगणक पेट्रोल तितकेच कमी सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावून आधुनिक गाड्यांची चाचणी घेतली तेव्हा मायलेजमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो वेग घेण्यात, म्हणजे आपण ज्याला पिकअप म्हणतो त्यात. त्यामुळे मायलेजवर नजर ठेवून फिल्टरची अवस्था कळेल असे मानणाऱ्याला ती कळणार नाही. गाडी चढावर पूर्वीपेक्षा जड वाटते का, हे पाहावे. म्हापशाहून पर्वरीच्या पठारावर चढताना मला ते बरोबर समजते, कारण तिथे कोणता गिअर कुठे पडायचा हे पायाला पाठ झाले आहे.

आता पुन्हा त्या तांबड्या बोटाकडे येते. फिल्टर उजेडात धरला, एकही ठिपका दिसला नाही. कागद धड होता. मग धूळ आली कुठून? झाकण उलटे करून खिडकीपाशी नेले तेव्हा मागच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला एक पट्टा दिसला, कोपऱ्याशी अरुंद आणि पुढे पंख्यासारखा पसरत गेलेला, ओहोळ समुद्राला मिळताना वाळूवर जशी नक्षी काढतो तसा. फिल्टरच्या चौकटीवर त्याच कोपऱ्यात बोटभर लांबीचा भाग इतरांसारखा दबलेला नव्हता. बाकी तिन्ही बाजूंना झाकणाच्या कडेची खोल रेघ उमटली होती, इथे ती अर्ध्यातच संपत होती. माझ्या झाकणाला पुढे क्लिपा आहेत तशा मागच्या बाजूला दोन खुंट्या आहेत, आणि त्या डब्याच्या खाचांमध्ये आधी अडकवाव्या लागतात. त्या बाजूला बॅटरी आणि वायरींची गर्दी असल्याने खाचा दिसत नाहीत, अंदाजाने बसवाव्या लागतात. गेल्या सप्टेंबरात, चवथीनंतर, मी फिल्टर बदलला तेव्हा डावी खुंटी खाचेत न जाता तिच्या वर टेकून राहिली होती. पुढच्या क्लिपा तरीही खटकन लागल्या. तो खटका ऐकला आणि मी निश्चिंत झाले.

हवेला वाट शोधावी लागत नाही. जिथे अडथळा कमी तिथून ती जाते, आणि कागदाच्या ५,८०० चौरस सेंटीमीटरांपेक्षा एका कोपऱ्यातली दोन मिलिमीटरची फट तिला सोपी. चोंदलेल्या फिल्टरने गाडी मंद झाली असती, पण इंजिनात धूळ गेली नसती. मी मात्र नवा कोरा, उत्तम प्रतीचा फिल्टर बसवून आठ महिने गाळलेल्या हवेत न गाळलेली हवा मिसळत होते. ज्या सर्व्हिस सेंटरवर मी इतकी चिडले होते, त्यांनी न बदललेला तो पतंगवाला जुना फिल्टर निदान चारही कोपऱ्यांनी घट्ट बसलेला होता. हे मान्य करायला मला एक संध्याकाळ लागली.

वाड्यावरच्या मेकॅनिकला बोलावले. तो माझा जुना विद्यार्थी आहे, आणि अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर एक विशेष आनंद असतो. त्याने रबरी नळी सोडवली, तिच्या आत पांढरे फडके फिरवले, थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, झडपेवरचा तांबूस-काळा लेप क्लीनरने काढला. नळी पुरती वाळेपर्यंत जोडली नाही. ऑइल बदलायला अजून दोन हजार किलोमीटर अवकाश होता, पण आलेली धूळ तिथेच जाऊन बसणार म्हणून ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही आताच बदलले. जुने ऑइल काढल्यावर त्याने ते दोन बोटांत चोळून पाहिले, मलाही चोळायला दिले. कचकच लागली नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तेही मोजले, चारही सिलिंडरांत ते जवळपास सारखे भरले. नुकसान झालेच असेल तर ते इतके थोडे की आज दिसणारे नाही, असे तो म्हणाला, आणि मला त्यावर विश्वास ठेवणे सोयीचे होते.

याच मेकॅनिकने तीन वर्षांपूर्वी ऐन जुलैत हाच डबा उघडून मला हाक मारली होती, “टीचर, हांगा हुंदरान घर केलां!” नारळाचा काथ्या, वर्तमानपत्राच्या चिंध्या, फिल्टरच्याच कागदाचे कुरतडलेले तुकडे, आणि कोपऱ्यात नीट रचून ठेवलेल्या सात काजूच्या बिया. उंदरानेही पुरुमेंत भरले होते. पावसाळ्यात बाहेर सगळे ओलेचिंब असताना उबदार, कोरडा आणि छप्पर असलेला डबा कोणाला नको असतो? गाडी आठवडाभर उभी राहिली की हा धोका असतोच. तेव्हापासून बाहेरून हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडावर बोट न जाईल इतपत भरड तारेची जाळी बसवली आहे. बारीक जाळी लावली असती तर ती स्वतःच पानांनी बंद झाली असती.

पावसाळ्याचे आणखी एक सांगायचे तर पाण्याचे. डिचोलीच्या बाजारात पाणी चढते तेव्हा त्यातून गाडी रेटणारे लोक सायलेन्सरमध्ये पाणी जाईल याची काळजी करतात, पण खरी भीती याच डब्याची असते. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. पाण्यातून गेल्यावर गाडी बंद पडली असेल तर पुन्हा किल्ली फिरवण्याआधी डबा उघडून फिल्टर ओला आहे का ते पाहावे. ओला असेल तर गाडी ढकलून गॅरेजला न्यावी.

नवीन फिल्टर घ्यायला म्हापशाला गेले तेव्हा दुकानदाराने दोन पुढे ठेवले, किमतीत शंभर-सव्वाशेचा फरक. कागदाकडे न पाहता मी दोन्हींच्या चौकटी दाबून पाहिल्या. स्वस्तातल्या चौकटीत अंगठा दाबला तर खळगा तसाच राहिला. महागातली लगेच पूर्ववत झाली. शिवाय पहिल्याच्या घड्या एका टोकाला दाटीने आणि दुसऱ्या टोकाला विरळ होत्या. दुकानदार म्हणाला, “बाई, गाळायचे काम दोन्ही करतात.” करतही असतील, पण कडेने हवा येऊ न देण्याचे काम चौकट करते आणि माझा अनुभव ताजा होता. महागातला घेतला. त्याच दुकानात एक गृहस्थ एअर फिल्टर म्हणून एसीचा फिल्टर घेऊन चालले होते. तो वेगळा, बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसतो आणि इंजिनाशी त्याचा संबंध नसतो. आम्ही दोघांनी मिळून त्यांना थांबवले.

या वेळी बसवताना घाई केली नाही. चौकटीवर तारीख लिहिली, चारही बाजूंनी ती खोबणीत बोटाने दाबत नेली, मग मोबाइलचा कॅमेरा बॅटरीच्या मागे धरून दोन्ही खुंट्या खाचांत गेल्याचे फोटोत पाहिले आणि त्यानंतरच क्लिपा लावल्या. मेकॅनिकने जाता जाता एक युक्ती सांगितली होती, तीही केली. झाकणाच्या आतल्या बाजूला, सेन्सरपासून लांब, पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवून ठेवला. कुठूनही न गाळलेली हवा येत असेल तर धूळ त्याला चिकटते आणि आठ महिने थांबावे लागत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पंधरा दिवस डिचोली-पर्वरी केल्यानंतर एका रविवारी पाऊस उघडलेला पाहून झाकण काढले, खिडकीपाशी नेले, चष्मा लावून चारही कोपरे पाहिले. जेली पांढरीच होती. मधोमध एक केस चिकटलेला होता, पिकलेला, आणि तो माझाच होता.